माड मोजले, माती मोजायची राहिली

२०१६ साली गोव्यात माड हे झाड आहे की नाही यावरून रान पेटलं होतं. १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून माड वगळला गेला, लोक खवळले आणि पुढच्या वर्षी माडाला पुन्हा झाडांच्या पंगतीत बसवावं लागलं. त्या रागाचं मोल कमी नाही. पण त्या गदारोळात सगळ्यांनीच एक गोष्ट गृहीत धरली होती, ती आजही धरली जाते: जमिनीचं मोल म्हणजे तिच्यावर उभी असलेली झाडं. एक तोडलं तर अमुक लावा, अनामत भरा, रोपांचे फोटो जोडा. डोंगर कापणाऱ्यालाही हा हिशेब सोयीचा पडतो, कारण रोपं विकत मिळतात.

माती तशी मिळत नाही. देशातल्या जंगलांत साठलेल्या एकूण कर्बापैकी (कार्बनपैकी) निम्म्याहून जास्त कर्ब मातीत आहे, खोडाफांद्यांत नाही, असं भारतीय वन सर्वेक्षणाचे अहवालच सांगतात. तेव्हा डोंगरकापणी, शेतातला भराव, खाणींचं पुनर्वसन आणि आता दारात येऊन उभे राहिलेले कार्बन क्रेडिटचे (साठवलेला किंवा वाचवलेला कर्ब विकण्याचे) करार, या चारही ठिकाणी निर्णयाचं माप मातीचं हवं. तेही मृदा आरोग्य पत्रिकेवरची सेंद्रिय कर्बाची टक्केवारी नव्हे, तर खनिजाला बांधलेला कर्ब. हा फरक गोव्याइतका महत्त्वाचा फार थोड्या ठिकाणी असेल, कारण इथली माती लोखंडाची आहे.

पाला पडला, कुजला, मातीत मिसळला आणि कर्ब साठला, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पाल्याचा चुरा हा मातीतला सर्वांत कच्चा कर्ब. जिवाणू आणि बुरशी त्याला काही वर्षांत, फार तर काही दशकांत संपवतात. त्यातला बराचसा कर्बवायू होऊन उडून जातो. उरलेला जिवाणूंच्या अंगी लागतो. जिवाणू मरतात, त्यांच्या पेशींच्या भिंतींचे तुकडे, त्यांनी बाहेर टाकलेले चिकट पदार्थ आणि विकरं (एन्झाइम) मातीच्या अतिबारीक कणांवर बसतात, आणि तिथे घट्ट बसले तर दशकं, कधी शतकं टिकतात. म्हणजे टिकाऊ कर्ब हा बऱ्याच अंशी झाडाचा राहिलेलाच नसतो, तो मेलेल्या जिवाणूंचा असतो. जे खातात त्यांचंच कलेवर साठा होतं.

घट्ट बसणं म्हणजे काय, ते खनिजावर ठरतं. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लाखो वर्षांच्या अशा धुण्याने खडकातलं कॅल्शियम, पोटॅशियम, सिलिका वाहून गेली आणि मागे राहिले लोखंडाचे व ॲल्युमिनियमचे ऑक्साइड (गोएथाइट, हेमॅटाइट, गिब्साइट) आणि केओलिनाइट ही चिकणमाती. देशावरच्या काळ्या मातीतल्या स्मेक्टाइटला एका ग्रॅममागे ७०० ते ८०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. केओलिनाइटला जेमतेम १० ते २०. एवढंच पाहिलं तर तांबडी माती कर्ब धरण्यात दरिद्री ठरायला हवी. तिला वाचवतात ते लोखंडाचे ऑक्साइड. आम्ल मातीत त्यांच्या पृष्ठभागावर धन भार असतो, आणि जिवाणूंच्या अवशेषांतले कार्बॉक्सिल गट त्या पृष्ठभागावरचा हायड्रॉक्सिल बाजूला सारून थेट लोखंडाशी बंध करतात. असा रेणू विकराच्या कचाट्यात सहज येत नाही. विकर स्वतःच खनिजाला चिकटून निकामी होतं, हा आणखी एक भाग.

मात्र लोखंड-लोखंडात फरक आहे. माती लालभडक दिसली म्हणजे तिच्यात कर्ब धरायची ताकद आहे असं मुळीच नाही. तो रंग हेमॅटाइटचा. त्याचे स्फटिक नीट बांधलेले, पृष्ठभाग कमी. खरं काम करतो तो फेरिहायड्राइट: गंजासारखा, धड स्फटिक न झालेला, ग्रॅममागे २०० ते ३०० चौरस मीटर पृष्ठभाग असलेला. वजनात थोडा असतो, पण त्याच्या वजनाच्या मानाने कर्ब फार धरतो. प्रयोगशाळेत तो अंधारात आम्ल ऑक्झलेटने विरघळवून मोजतात. ऑक्साइडच्या रूपातलं सगळं लोखंड, स्फटिक झालेलं धरून, मोजायला डायथायोनाइट वापरतात. या दोन आकड्यांचं गुणोत्तर मातीचा स्वभाव जितका सांगतं तितका तिचा रंग सांगत नाही.

हा फेरिहायड्राइट बघायला प्रयोगशाळा लागत नाही. पावसाळा सरता सरता डोंगराच्या पायथ्याशी, मेरेच्या (शेताच्या बांधाच्या) कडेला जिथे पाणी झिरपतं तिथे नारिंगी, लिबलिबीत गाळ साचतो, आणि त्याच्या वरच्या पाण्यावर तेलासारखी सप्तरंगी चकाकी दिसते. दर वर्षी कुठे ना कुठे त्यावरून डिझेल सांडल्याची तक्रार होते. काठीने तो तवंग ढोसून बघा. तेल असेल तर फाटून पुन्हा जुळून येतं. हा तवंग पापडासारखा तुटतो आणि तुकडे तसेच तरंगत राहतात. ही लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंची करामत आहे. जमिनीखालच्या विनाहवेच्या पाण्यात लोखंड फेरस रूपात विरघळून येतं, हवा लागताच जिवाणू त्याचं फेरिक करतात, ते गंज होऊन खाली बसतं आणि बसताना पाण्यातला विरघळलेला सेंद्रिय कर्ब सोबत घेऊन बसतं. चमचाभर नारिंगी गाळात खनिज, जिवाणू आणि कर्ब यांचं सगळं नातं उघड्यावर मांडलेलं असतं.

हेच नातं उलटंही फिरतं, आणि गोव्याच्या जमिनीच्या राजकारणाशी त्याचा थेट संबंध आहे. पाणी साचलं, हवा संपली की जिओबॅक्टरसारखे जिवाणू श्वासासाठी प्राणवायूऐवजी फेरिक लोखंड वापरतात. फेरिकचं फेरस होतं, विरघळतं, आणि त्याला बांधलेला कर्ब सुटतो. पहिल्यांदा विरघळतो तो फेरिहायड्राइट, म्हणजे नेमकं तेच खनिज ज्याने सर्वांत जास्त धरून ठेवलेलं असतं. गोएथाइट, हेमॅटाइट मागाहून आणि सावकाश.

आता नगर आणि ग्रामनियोजन कायद्याचं १७अ कलम बघा. डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला परवानगी लागते, हे एकाच कलमात आहे. कायदा करणाऱ्यांना मृदाशास्त्र अभिप्रेत होतं असं नाही, पण जोडी अचूक जुळली आहे, कारण व्यवहारात ही दोन्ही कामं एकच ट्रक करतो. मोरडावरची (उंचावरच्या शेतातली), सड्याच्या उतारावरची माती उचलायची आणि खेर शेतात (मधल्या सखल भातजमिनीत) किंवा खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) ओतायची. उतारावरची माती शतकानुशतकं हवेशीर, निचऱ्याची होती. तिच्यातलं लोखंड फेरिक राहिलं म्हणून कर्ब बांधलेला राहिला. ती उचलताना तिचे कणसमूह फुटतात, आत दडलेला चुरा जिवाणूंसमोर उघडा पडतो. मग भरावाचा तळचा थर जून ते ऑक्टोबर पाण्यात बुडून राहतो आणि तिथे लोखंडाचा श्वास घेणाऱ्यांचं फावतं. खाली गाडलेल्या शेतमातीला मुळांचा नवा पुरवठा कायमचा बंद होतो. तिच्यातला कर्ब लगेच उडून जातो असं नव्हे. विनाहवेच्या जागी कुजणं मंदच असतं. पण जे थोडं कुजतं त्यातून मिथेन सुटतो, आणि नवीन काही साठत नाही. एका व्यवहारात दोन साठे मोडतात, आणि आपल्या फायलीत त्याची नोंद होते ती किती झाडं गेली एवढीच.

यावर ठरलेलं उत्तर असं: वरची वीतभर माती काढून ठेवा, काम झालं की पुन्हा पसरा. उत्तर चुकीचं नाही. खाणींसाठीच्या केंद्रीय नियमांतही वरची माती वेगळी काढून ठेवण्याची तरतूद जुनीच आहे. बिघडतं ते करण्यात. माती चार-पाच मीटर उंच ढिगात रचली जाते, कारण जागा कमी लागते. अशा ढिगाचा गाभा काही आठवड्यांत विनाहवेचा होतो, वरच्या थरातल्या मुळांच्या बुरशा मरतात, लोखंड विरघळायला लागतं. आणि बाहेरचा थर गोव्याच्या पहिल्याच पावसात घळी पडून ओहोळात जातो. ढीग दीड-दोन मीटरहून उंच नको, त्याला कडेने चर हवा, आणि जूनच्या आधी त्यावर ताग, चवळी किंवा गवत उगवलेलं हवं. एका पावसाळ्याहून जास्त काळ ढीग ठेवायचाच नाही. वरची काळपट १५-२० सेंटिमीटर माती आणि खालची तांबडी माती एकाच ढिगात टाकली तर वेगळी काढण्याचा खटाटोप वाया जातो. खोदणाऱ्या यंत्राच्या चालकाला हे दोन रंग उघड्या डोळ्यांनी दिसतात. त्याला कोणी सांगत नाही, एवढंच.

खाणपट्ट्याची गोष्ट वेगळी आणि अधिक बोलकी आहे. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे या तालुक्यांत टाकाऊ मातीचे डोंगर उभे आहेत. एक टन खनिज काढायला दोन-अडीच ते तीन टन माल बाजूला टाकावा लागतो. या ढिगांत लोखंडाच्या ऑक्साइडची रेलचेल आहे, आणि कर्ब नावाला. कर्ब धरून ठेवणारं खनिज भरपूर आहे, फक्त धरायला काही आलंच नाही. मुळं नाहीत, म्हणून जिवाणू नाहीत, म्हणून जिवाणूंची कलेवरं नाहीत. लोखंड म्हणजे रिकामी फडताळं. ती आपोआप भरत नाहीत.

मग तिथे ऑस्ट्रेलियन अकेशिया लावला गेला. तो जगतो, हिरवा दिसतो, उपग्रहाच्या चित्रात वनाच्छादन म्हणून शोभतो. पण त्याचा पाला जाड, चिवट, टॅनिनयुक्त. जमिनीवर त्याचा थर साचतो आणि तसाच पडून राहतो. एखाद्या उन्हाळ्यात वणवा लागला की तो सगळा कर्ब एका दुपारी वर जातो. मातीतल्या खनिजापर्यंत पोहोचतो तो मुळांतून पाझरणारा आणि लवकर कुजणारा, नत्र असलेला पदार्थ. म्हणून या ढिगांवर आधी गवत आणि द्विदल झुडपं, मग करंज, किंदळ अशी इथली झाडं, हा क्रम कर्बाच्या हिशेबाने जास्त फलदायी आहे. दिसायला पाच वर्षं तो अकेशियाच्या मागे राहील, हे मान्य. ज्यांना उद्घाटनाचा फोटो पाचव्या वर्षाच्या आत हवा असतो त्यांची अडचण समजू शकते.

इथे नैसर्गिक शेतीवाल्या मित्रांशीही थोडं भांडायला हवं, कारण त्यांचा हेतू चांगला आणि गणित कच्चं आहे. जीवामृताने मातीत जिवाणू वाढतात आणि त्यामुळे कर्ब वाढतो, असं सर्रास सांगितलं जातं. एकरी २०० लिटर जीवामृतात साधारण १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती असते. शेणात ८० टक्के पाणी धरलं तर कोरडा भाग २ किलो, त्यात कर्ब सुमारे ८०० ग्रॅम. गूळ आणि बेसन मिळून पावणेदोन किलोच्या आसपास. म्हणजे एका फवारणीत एकरी अडीच किलो कर्ब. त्याच एकरात, मातीत १ टक्का सेंद्रिय कर्ब असेल तर वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये सुमारे ७ टन कर्ब आधीच आहे. जिवाणूंचंही तसंच: एक ग्रॅम चांगल्या मातीत ते कोटींनी, कधी अब्जाच्या घरात असतात. त्यांना बाहेरून पाहुणे नकोत, त्यांना जेवण हवं. ते जेवण म्हणजे वर्षभर जिवंत मुळं आणि सतत पडणारा पालापाचोळा. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या मिश्र बागेत, हे दोन्ही आहेत. पोफळी, माड, केळी, मिरी, जायफळ यांची मुळं वेगवेगळ्या खोलीवर, झावळ्यांचं आच्छादन, सावली, ओल. कुळागराची माती कर्ब धरते ती याच कारणाने, फवारणीमुळे नव्हे. जीवामृताचे इतर काही फायदे असतील तर असोत. कर्ब साठवण्याच्या नावाखाली त्याचा प्रचार करू नये.

चुन्याबद्दलही सावध राहायला हवं. आम्ल मातीत चुना टाकला की पीक सुधारतं, मुळं वाढतात, कॅल्शियममुळे कणसमूह बांधले जातात. पण सामू (pH) वाढला की लोखंडाचा धन भार कमी होतो, काही बांधलेला कर्ब सुटतो आणि जिवाणूंचा श्वास वाढतो. स्फुरदाची (फॉस्फरसची) गंमत आणखी वेगळी. फॉस्फेट नेमकं त्याच जागांवर बसतं जिथे सेंद्रिय रेणू बसतात. तांबड्या मातीत टाकलेलं खत पिकाला न मिळता मातीतच अडकतं ही शेतकऱ्याची जुनी तक्रार. अडकताना ते कोणाला तरी उठवून बसतं, हे कोणी सांगत नाही. यावरून चुना-खत बंद करा असा अर्थ काढू नये. शेत पिकलं नाही तर मुळंही नाहीत. पण 'आम्ही चुना दिला, म्हणून कर्ब वाढला' असं कोणी प्रमाणपत्र देऊ लागलं तर आधी मोजमाप मागावं.

आणि मोजमाप इथेच घसरतं. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ साली आली. तिच्यात बारा घटक असतात, सेंद्रिय कर्ब त्यातला एक. ०.७५ टक्क्यांच्या वर कर्ब असेल तर शेरा 'जास्त'. गोव्यातल्या बहुतेक मातीला हाच शेरा मिळतो, शेतकरी निश्चिंत होतो. हा निकष पिकाच्या नत्राची गरज ठरवण्यासाठी आहे, साठ्याचा हिशेब करण्यासाठी नाही. साठा काढायचा तर कर्बाच्या टक्केवारीला मातीच्या घनतेने आणि खोलीने गुणावं लागतं, आणि गोव्यात एक गोष्ट हमखास विसरली जाते ती म्हणजे खडी. चिऱ्याच्या (जांभ्याच्या) मुलखात मातीत निम्मा माल लोखंडी खड्यांचा असू शकतो. प्रयोगशाळा २ मिलिमीटरच्या चाळणीखालची माती तपासते, आणि कागदावर सगळी जमीन त्या मातीचीच बनलेली आहे असं धरून गुणाकार होतो.

उदाहरण घ्या. १५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल असा चौकोनी खड्डा खणला, म्हणजे ३,३७५ मिलिलिटर. समजा निघालेला माल वाळवून ४.७ किलो भरला, त्यात २.१ किलो खडी, २.६ किलो माती. मातीत कर्ब १.८ टक्के. खडी न वगळता गुणलं तर हेक्टरी साडेसदतीस टन कर्ब येतो. खडी वगळून गुणलं तर जेमतेम एकवीस. खड्डा तोच, माती तीच. यावर क्रेडिट विकलं गेलं तर जवळजवळ निम्मा माल मुळात नव्हताच. घनता मोजायचं नळकांडं अशा मातीत ठोकताच येत नाही, खड्यावर आपटून वाकतं. म्हणून खड्ड्याला पातळ प्लॅस्टिकचं अस्तर लावायचं, काठोकाठ पाणी ओतायचं आणि किती मावलं ते मोजायचं, ही साधी रीत सोयीची. अर्धा तास लागतो.

कर्बाची टक्केवारीही तपासून घ्यावी लागते. आपल्याकडे अजून वॉकली-ब्लॅक पद्धत चालते. डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लाने कर्ब जाळायचा आणि किती डायक्रोमेट खर्च झालं त्यावरून हिशेब. डोंगरावरच्या मातीला ती चालून जाते. खाजनात मात्र ती फसवते. मिठातलं क्लोराइड डायक्रोमेट खातं, १.२ टक्के क्लोराइडमागे ०.१ टक्के खोटा कर्ब दिसतो. त्यावर सिल्व्हर सल्फेट हा उपाय आहे. त्याहून मोठा चोर पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज. मातीत १ टक्का पायराइट असेल आणि तो सगळा जळला तर हिशेबाने ०.३७ टक्के कर्ब जास्त दिसतो. म्हणजे खाजनाच्या मातीला 'जास्त' शेरा मिळाला तर त्यातला बराचसा गंधकाचा असू शकतो. खाजनासाठी थेट जाळून मोजणारं यंत्र हवं, आणि शिंपल्यांचा चुरा असेल तर आधी आम्लाने तो काढावा.

टिकाऊ कर्ब आणि कच्चा चुरा वेगळे काढणंही फार अवघड नाही. १० ग्रॅम माती, लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणातलं सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटचं ३० मिलिलिटर द्रावण, १८ तास हलवणं, मग ५३ मायक्रॉनच्या चाळणीतून धुणं. वर राहिला तो चुरा, खाली गेला तो खनिजाला बांधलेला कर्ब. तांबड्या मातीत एक खोट आहे: लोखंडाने चिकटलेले बारीक कण वाळूसारखे वागतात. बोटांत चोळून ही माती पोयट्याची वाटते, प्रत्यक्षात चिकण असते. ते कण नीट न फुटल्यास टिकाऊ कर्ब चाळणीवर अडकतो आणि चुऱ्यात मोजला जातो. हलवताना भांड्यात काचेच्या गोळ्या टाकल्या तर फरक पडतो.

खाजनाबद्दल सावकाश बोलायला हवं, कारण तिथे सोपं उत्तर नाही. भरतीच्या पाण्यातून बांध घालून मिळवलेली ही जमीन. मानस, म्हणजे भरतीला आपोआप मिटणारं आणि ओहोटीला उघडणारं लाकडी दार, तिच्या पाण्याचा कारभार बघतं. खाजनाची माती उघडली की आत करडी-निळसर, मुळांच्या वाटांनी गंजाच्या रेघा, आणि कुजलेल्या अंड्याचा वास. निळसरपणा फेरस लोखंडाचा, रेघा भाताच्या मुळांनी पुरवलेल्या हवेने झालेल्या फेरिकच्या, वास सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचा. त्यांनी केलेलं सल्फाइड लोखंडाशी मिळून पायराइट बनतं. जोवर चिखल ओला आहे तोवर पायराइट गरीब. बांध नीट राखला नाही, किंवा कोणी मुद्दाम पाणी अडवून जमीन कोरडी ठेवली, तर हवा लागते, ॲसिडिथायोबॅसिलस जातीचे जिवाणू तुटून पडतात आणि पायराइटच्या एका रेणूमागे सल्फ्युरिक आम्लाचे दोन रेणू तयार होतात. भेगांत पिवळे डाग दिसतात, तो जॅरोसाइट. सामू ४च्या खाली गेला की कोरगुट हा खार सोसणारा भात काय, गवतही तग धरत नाही. शंका असेल तर चमचाभर ओल्या मातीवर ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून बघावं, हातमोजे घालून. फसफसून उकळलं आणि थंड झाल्यावर सामू ३च्या खाली आला तर ती जमीन कोरडी करायची नाही.

भात काढल्यावर उन्हाळ्यात मानशीतून खारं पाणी आत घ्यायचं आणि मासळी धरायची, ही गावकऱ्यांची जुनी पद्धत रसायनशास्त्राच्या बाजूने पाहिली तरी शहाणपणाचीच आहे. पायराइट ओला राहतो. शिवाय पाणी खारं असेतोवर सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेन करणाऱ्यांच्या तोंडचं अन्न पळवतात, लोखंडावर जगणारेही पळवतात. म्हणून खाऱ्या चिखलातून मिथेन कमी सुटतो. पावसाने पाणी गोडं झालं की हा फायदा घटतो.

म्हणूनच भातशेतीच्या कार्बन क्रेडिटचा जो तयार साचा देशभर विकला जातो, शेत आळीपाळीने ओलं-सुकं ठेवा, भोकं पाडलेल्या नळीत पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरलं की पुन्हा भरा, तो खाजनात नको. मिथेन वाचवायच्या नादात आम्ल उठेल. पावसाळ्यात तर धो-धो पावसात शेत सुकवायचं कसं हाच प्रश्न. खेर जमिनीतल्या वायंगणाला (पावसाळ्यानंतरच्या भाताला), जिथे पाटाचं पाणी हातात आहे, तो साचा लागू पडू शकतो. तिथेही लोखंड दर फेरीत विरघळणार आणि पुन्हा गंजणार. गंजताना थोडा कर्ब पुन्हा बांधला जातो, पण त्याच वेळी फेरस आणि प्राणवायूच्या झटापटीतून तयार होणारे अतिक्रियाशील रेणू थोडा कर्ब जाळूनही टाकतात. बेरीज कुठल्या बाजूला जाते ते त्या-त्या शेतात मोजूनच कळेल. दुसऱ्या राज्यातल्या गाळाच्या जमिनीचा आकडा इथे चिकटवून करार करणं म्हणजे शेतकऱ्याच्या नावावर कोणीतरी उधारी काढणं आहे.

उरला कांदळवनाचा वाद. फुटलेल्या बांधाआड खारफुटी वाढते, तिच्या चिखलात कर्ब उत्तम साठतो, मग बांध दुरुस्त करायचाच कशाला, असा युक्तिवाद आता पर्यावरणाच्या भाषेत होऊ लागला आहे. त्यातला कर्बाचा भाग खरा आहे. तरीही तो मान्य करू नये. राखलेलं, ओलं खाजन फारसा कर्ब सोडत नाही, भात आणि मासळी देतं, आणि त्याच्यामागच्या विहिरी गोड्या ठेवतं. शिवाय सोडून दिलेल्या खाजनाचं पुढे काय होतं हे मांडवी आणि जुवारीच्या काठांनी फिरणाऱ्याला ठाऊक आहे: कांदळवन काही वर्षं टिकतं, मग त्याच्या कडेने रात्रीतून मातीचे ट्रक येऊ लागतात. जिथे खारफुटी आधीच दाट झाली आहे तिथे तिला हात लावू नये. जिथे बांध अजून उभा आहे तिथे त्याच्या डागडुजीचा खर्च हवामानाच्या निधीतून मागायला कोमुनिदादींनी (गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थांनी) आणि कुळांच्या संघटनांनी लाजू नये.

त्यासाठी आधारभूत आकडा मात्र हातात हवा. जमीन रूपांतराच्या, डोंगरकापणीच्या आणि भरावाच्या प्रत्येक अर्जाला एक पान मातीचं जोडलेलं असावं: एक मीटर खोलीपर्यंत थरांची नोंद, खडीचं प्रमाण, घनता, कर्बाचे दोन्ही भाग, ऑक्झलेटने निघणारं लोखंड आणि खाजन असेल तर पेरॉक्साइडनंतरचा सामू. नमुना एप्रिल-मेमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा, त्याच जागी घ्यावा, कारण पावसाळ्याच्या दोन टोकांना खाजनातलं लोखंड वेगळ्या रूपात असतं. आणि तो अर्जदाराने नव्हे, तिऱ्हाइताने, ट्रक येण्याआधी घ्यावा. भराव पडल्यावर खालची माती तपासायला तीन मीटर खणावं लागतं, आणि तोवर तिथे कुंपणाची भिंत झालेली असते.